दोन रेघांची पुडी

उल्हास मोघे डॉक्टर नव्हता, पण शारजात रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ताप आलेला माणूस आधी त्याच्याकडे जायचा आणि बरं वाटलं नाही तरच दवाखान्यात. पोटासाठी तो दुबईतल्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बनवायचा. रोज सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास तो दुबई-शारजा रस्त्यावर गाडीत बसून असायचा. उरलेल्या वेळात तो लोकांना बरं करायचा.

दर जुलैत तो पुण्याला जायचा. परत येताना बाकीचे मराठी लोक भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला आणायचे. उल्हास श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून पुड्या आणायचा. शनिवार पेठेत डॉक्टर सबनीस म्हणून होते. ते गोळ्या खलात कुटून, मिसळून, पांढऱ्या कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे. पुडीवर औषधाचं नाव कधीच नसायचं. नुसत्या शाईच्या रेघा. एक रेघ म्हणजे ताप, दोन रेघा सर्दी, तीन खोकला, आणि गोल काढला असेल तर पोट. मोघ्यांच्या तीन पिढ्या या रेघांवर वाढल्या होत्या. आत काय असतं हे त्यांतल्या एकानेही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सबनीसांनी त्याच्या नाडीवर हात ठेवून झोप नीट लागते का म्हणून विचारलं असतं.

एकदा विमानतळावर तपासनिसाने डबा उघडला. आत दीडशे पांढऱ्या पुड्या, पुड्यांत पांढरी पूड. असल्या मालावर माणूस या देशात किती वर्षं आत जातो हे उल्हास सोडून रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. उल्हासने हसत एक पुडी उघडली आणि स्वतःच्या जिभेवर टाकली. तपासनिसाची सुटी व्हायची वेळ झाली असावी. तो बराच वेळ बघत राहिला आणि "यल्ला, यल्ला" म्हणून त्याने हात हलवला. टॅक्सीत बसल्या बसल्या उल्हास जो झोपला तो बिल्डिंग आली तरी उठेना.

"कितीची होती?" मी नंतर विचारलं.

"घाईत रेघा बघायच्या राहिल्या रे."

"बाबा, दॅट इज सो इल्लीगल," त्याची मुलगी मिहिका म्हणाली. ती तेव्हा नववीत होती आणि घरात कायदा एकट्या तिला कळत होता.

"अगं, औषध आहे ते."

"एक्झॅक्टली."

नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर मोघ्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जपानी मुलगा राहायला आला. नाओया तोकुनागा. वय एकवीस. शारजातल्या एका छोट्या क्लबाने त्याला एका हंगामासाठी करारावर आणलं होतं. फुटबॉल खेळायला कोणी पगार देतं ही गोष्ट उल्हासला पटायला दोन दिवस लागले. शारजात राहणारा भारतीय माणूस, त्याला क्रिकेट सोडून दुसरं मैदान असतं हेच माहीत नव्हतं. त्याच्या मते फुटबॉल म्हणजे नव्वद मिनिटं काही घडत नाही, आणि घडतं तेव्हा आपण चहा आणायला आत गेलेलो असतो.

नाओया सगळ्या बिल्डिंगला आधी त्याच्या बुटांमुळे कळला. तो बूट दाराबाहेर काढायचा आणि त्यांची टोकं रस्त्याकडे करून, रेषेत लावायचा. खेळायचे बूट तर तो व्हरांड्यात उकिडवा बसून दात घासायच्या ब्रशने धुवायचा, एकेक खिळा. पंधरा दिवसांत उल्हासच्या बायकोने, वीणावहिनींनी, आपल्या दाराबाहेरच्या चपला तशाच लावायला सुरुवात केली. महिन्याभरात आख्खा मजला सुधारला. चौथ्या मजल्यावर राहणारा मी तेवढा तसाच राहिलो.

त्याला इंग्रजी बेताचं यायचं, उल्हासचं सगळं इंग्रजी बंदरावरचं. म्हणून उल्हास त्याच्याशी सरळ मराठीत बोलायचा. नाव त्याने पहिल्याच दिवशी बदलून टाकलं होतं.

"काय नाओबा, जेवलास का?"

नाओबा कमरेतून वाकून "हाय, मोघे-सान", म्हणजे 'हो, मोघेसाहेब', म्हणायचा आणि जेवला असला तरी जेवायला बसायचा. वीणावहिनींना तो 'वैनी-सान' म्हणायचा. त्या वाढत राहायच्या आणि तो खात राहायचा. समोरच्याने दोन्ही हातांनी पुढे केलेली वस्तू परत करायची नसते असं त्याला घरी शिकवलेलं होतं. पाहुण्याने नको म्हटलं की अजून दोनदा आग्रह करायचा असतो असं वहिनींना त्यांच्या घरी शिकवलेलं होतं. या दोन शिकवणींच्या मध्ये सापडून मुलाचं वजन दोन महिन्यांत तीन किलो वाढलं आणि क्लबाच्या प्रशिक्षकाने त्याला झापलं.

त्याची आतापर्यंतची कारकीर्द त्याने मिहिकाला बोटांवर मोजून सांगितली होती. शाळेतून थेट जपानातल्या दुसऱ्या दर्जाच्या एका क्लबात. दोन वर्षांत अकरा सामने, गोल शून्य, पिवळं कार्ड एक. मग क्लबाला पैसे पुरवणारी कंपनी डबघाईला आली आणि एका दुपारी नऊ जणांना एकाच खोलीत बसवून निरोप दिला. वडील मच्छीबाजारात. त्यांनी त्याला पुढच्या पहाटेपासून बाजारात यायला सांगितलं होतं. त्याने एक वर्ष मागून घेतलं होतं. ते हे वर्ष.

आणि या वर्षात त्याला हवी होती फक्त एक गोष्ट. शाळेत ज्यांनी त्याला शिकवलं ते गुरुजी आता जपानच्या एका चांगल्या क्लबात होते. त्यांनी कळवलं होतं, एक पूर्ण सामना टेपवर पाठव. तुकडे नकोत, सगळी नव्वद मिनिटं. पसंत पडलास तर जूनमध्ये बोलावतो. इथे त्याला शेवटची वीस मिनिटं खेळवायचे. त्याच्या जागेवर, डावीकडे बचावाला, दुसराच एक खेळाडू होता, धिप्पाड. डिसेंबरच्या अखेरीस त्या धिप्पाडाने पंचाला काहीतरी ऐकवलं आणि दोन सामन्यांसाठी बाहेर बसला. जानेवारीतला एक सामना चषकाचा होता, पहिल्या दर्जाच्या क्लबाशी. प्रशिक्षकाने नाओयाला सांगितलं, शुक्रवारी तू सुरुवातीपासून.

माझ्याकडे मिहिकाच्या वाढदिवसांना वापरला जाणारा हँडीकॅम होता. टेप मी काढायची ठरली. उल्हासने मला तीन दिवस आधीपासून सूचना द्यायला सुरुवात केली, आणि तोपर्यंत त्याला ऑफसाइड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी, सुटीचा दिवस, मी उल्हासकडे पोहे खात होतो. दार वाजलं. नाओया उभा होता, नाक लाल, डोळे लाल, गळ्याभोवती टॉवेल.

"अरे, हे काय करून घेतलंस?" वीणावहिनी म्हणाल्या.

"नो प्रॉब्लेम, वैनी-सान." आणि त्याला सलग सहा शिंका आल्या.

तो कपाळावर ठेवायला बर्फ मागायला आला होता. आजारी आहे हे क्लबात कळलं तर संघातून नाव जाईल म्हणून क्लबाच्या डॉक्टरकडे जायचं नव्हतं. हे त्याने खुणांनी सांगितलं. क्लबाच्या दिशेने बोट, मग ओठावर बोट.

उल्हासचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटायला हवी होती. पाच महिन्यांत या मुलाने त्याच्याकडे एकदाही काही मागितलं नव्हतं. तो आत गेला, डबा घेऊन आला, दोन रेघांची पुडी शोधली, रेघा या वेळी दोनदा मोजल्या.

"ही आत्ता, एक संध्याकाळी, एक उद्या सकाळी. उद्या तू घोड्यासारखा पळणार."

नाओया पुडीकडे बघत राहिला. पुडी उलटी करून त्याने मागची बाजू बघितली. तिथे काही नव्हतं.

"नेम?" त्याने विचारलं.

"सबनीस," उल्हास म्हणाला.

"बाबा, ही मीन्स द मेडिसिन," मिहिका म्हणाली.

"औषधच ते. सर्दीचं. कोल्ड, कोल्ड. माझी आजी घ्यायची, माझा बाप घ्यायचा, ही मिहिका चार महिन्यांची असल्यापासून घेते."

वहिनींनी तोवर चमच्यात मध घेतला होता. उल्हासने पुडी उघडून त्यात ओतली, करंगळीने कालवली, आणि चमचा दोन्ही हातांनी पुढे केला. दोन्ही हातांनी द्यायचं हे तो नाओबाकडूनच शिकला होता.

मुलगा क्षणभर थांबला. तो क्षण मला आजही दिसतो. मग तो वाकला आणि त्याने चमचा तोंडात घेतला.

शुक्रवारी तो खरोखर घोड्यासारखा पळाला. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण कॅमेऱ्याच्या चौकटीत त्याला धरून ठेवताना माझी मान दुखली. समोरचा संघ जिंकला, एक-शून्य, आणि तो गोलही दुसऱ्या बाजूने झाला. उल्हास शेजारी उभा राहून चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होता. सामना संपल्यावर एक माणूस पाटी घेऊन आला आणि नाओयाला आणि समोरच्या एका खेळाडूला आत घेऊन गेला.

"बक्षीस असणार," उल्हास म्हणाला. त्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

ती लघवीची तपासणी होती. चिठ्ठ्या टाकून दोन नावं काढली होती.

टेप जपानला गेली. बारा दिवसांनी गुरुजींचा फॅक्स आला, क्लबात, आणि नाओया तो घेऊन जिने धावत वर आला. जपानीतला मजकूर कोणालाच वाचता येत नव्हता, पण त्याने एका शब्दाखाली बोट धरलं, "जून." वहिनींनी शिरा केला. उल्हासने त्या फॅक्सची झेरॉक्स काढून ठेवली. कागद दिसला की झेरॉक्स काढायची हा त्याच्या धंद्याचा गुण.

त्यानंतर चार दिवसांनी तपासणीचा निकाल आला. लघवीत इफेड्रिन सापडलं होतं, खेळाडूंना बंदी असलेलं.

क्लबाने नाओयाला एक कागद दिला. दहा दिवसांनी एका समितीपुढे हजर व्हायचं होतं. औषध कुठून आलं, कोणी दिलं, का घेतलं हे सिद्ध केलं तर थोडक्यात सुटका, नाहीतर बंदी. हे सगळं आम्हाला मिहिकाने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिने बापाकडे बघितलं.

उल्हासने पुण्याला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"डॉक्टर, सर्दीच्या पुडीत काय असतं हो?"

"दोन रेघांची ना? का, आराम पडला नाही?"

"पडला. खूप पडला. पण आत काय असतं?"

"चार-पाच गोष्टी असतात."

"इफेड्रिन असतं का?"

"किंचित. नाक मोकळं व्हायला."

"तेवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून फॅक्स कराल? इथे एका मुलाचं—"

"मोघे, चाळीस वर्षांत मी पुडीवर नाव लिहिलं नाही, ते लेटरहेडवर कुठे लिहू?" आणि त्यांनी मिहिकाची तब्येत विचारून फोन ठेवला.

मग उल्हासने स्वतःच इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. बंद पेटी जहाजावर चढते तेव्हा आतला माल कंपनीने पाहिलेला नसतो. म्हणून कागदावर 'सेड टु कंटेन' असं लिहितात, म्हणजे आत अमुक आहे असं माल पाठवणारा सांगतो, आम्ही पाहिलेलं नाही. वीस वर्षं हेच लिहिलेल्या माणसाने पत्रात लिहिलं, 'एक पुडी, पांढरी, सेड टु कंटेन सर्दीचं औषध, मी माझ्या हाताने श्री. तोकुनागा यांना दिली. त्यांना आतल्या मालाची कल्पना नव्हती.' मी हसलो. तो हसला नाही. खाली त्याने नाव, फ्लॅट नंबर, पासपोर्ट नंबर टाकला. सहीची जागा मोकळी ठेवली.

त्याच्या कंपनीची व्हिशाची आणि सरकारी कामं विजयकुमार नावाचा गृहस्थ बघायचा. उल्हासने त्याला पत्र दाखवलं. विजयकुमारने ते वाचलं आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"मोघेजी, ये साइन करोगे तो पहला सवाल क्या आएगा? दवाई देश में आई कैसे. बिना नाम का, बिना चिट्ठी का सफेद पाउडर. कितना है घर में?"

"शंभरेक पुड्या असतील."

"खलास," विजयकुमार म्हणाला. "नौकरी, व्हिसा, सब. अंदर नहीं गए तो वापस तो पक्का."

उल्हासच्या व्हिशावर वीणावहिनी आणि मिहिका होत्या. मिहिका आता दहावीत होती. बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर होती.

त्या संध्याकाळी मोघ्यांच्या घरी टीव्ही बंद होता.

"मी सही करते," वहिनी म्हणाल्या. "मध मी काढला होता."

"तुझा व्हिसा माझ्या व्हिशालाच लटकलाय. तू सही केलीस तरी जाणार तिघंच."

"मग परीक्षा होऊ दे तिची. तोपर्यंत थांबवा त्यांना."

"समिती आहे ती, वीणा. नळाचा प्लंबर नाही."

मिहिका आतल्या खोलीत भूगोल पाठ करत होती. ती मोठ्याने पाठ करायची. मध्येच आवाज थांबला आणि बराच वेळ आलाच नाही.

सुनावणीच्या दिवशी उल्हासने रजा टाकली. नाओयाला गाडीतून मी नेलं, उल्हास शेजारी, नाओया मागे, कोटात. पत्र उल्हासच्या शर्टाच्या खिशात होतं आणि पेनही होतं. उल्हास सिग्नलला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

इमारतीत एका लांब बाकावर आम्हाला बसवलं. दुभाषी यायचा होता. उल्हासने पत्र काढून नाओयाच्या हातात दिलं. एका हाताने.

मुलाने ते हळूहळू वाचलं, शब्दांखाली बोट धरून. पासपोर्ट नंबराशी त्याचं बोट थांबलं. मग सहीच्या मोकळ्या जागेशी. त्याने उल्हासकडे बघितलं.

"मिहिका-सान, एक्झाम?"

"मार्चमध्ये," उल्हास मराठीतच म्हणाला.

नाओयाने मान हलवली. पत्राची घडी घातली, नीट, कड कडेला लावून, दोन्ही हातांनी ती उल्हासच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. नाओयाचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, कोट खाली ओढला आणि आत गेला.

दार बंद व्हायला थोडा वेळ लागला. उल्हासला उठायचं असतं तर उठता आलं असतं. त्याचा हात खिशावर होता. बटण त्याने उघडलं नाही. मीही 'ऊठ' म्हटलं नाही.

आत त्याने सांगितलं की औषध बाजारातून आपणच घेतलं, दुकान आठवत नाही. दुकान कसं होतं, रस्ता कोणता, सोबत कोण होतं, सगळ्याला तेच उत्तर. अठरा महिने बंदी. क्लबाने त्याच आठवड्यात करार संपवला. गुरुजींकडून फॅक्स आला नाही, बरा-वाईट कसलाच.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो मोघ्यांकडे आला. हातात मिठाईचा डबा, रोल्लातल्याच दुकानातला, वर चमकता कागद. उल्हास दारात गेला. नाओयाने डबा पुढे केला आणि इतका खाली वाकला की उल्हासच्या मागे उभ्या मिहिकाला त्याच्या मानेचं हाड दिसलं.

"मोघे-सान. आय मेक ट्रबल फॉर यू. सॉरी."

उल्हासने डबा घेतला. दिलेली वस्तू परत करायची नसते.

"तू घेतलीस कशाला रे?" त्याने शेवटी विचारलं. "तुला कळत होतं ना?"

मिहिकाने ते इंग्रजीत सांगितलं. नाओयाने विचार केला. मग हाताने चमचा धरल्यासारखं केलं, करंगळीने कालवल्यासारखं केलं, आणि उल्हासकडे बोट दाखवलं. तू कालवून दिलीस म्हणून. तो पुन्हा वाकला, बूट घातले आणि गेला. बुटांची टोकं रस्त्याकडेच होती.

मिहिकाला दहावीत ब्याण्णव टक्के पडले. पेढे वाटताना उल्हास माझ्या दारात आला, तेव्हा मी अभिनंदन म्हटलं आणि तो म्हणाला, "घे रे, लवकर घे," जणू डबा हातात तापला होता.

पुड्या त्या तिघांनी मिळून एका शुक्रवारी संडासात ओतल्या. त्यानंतर बिल्डिंगमध्ये कोणाचं डोकं दुखलं तर उल्हास गोळीच्या पाकिटावरची सगळी बारीक अक्षरं मोठ्याने वाचायचा, मुदतीपासून कारखान्याच्या पत्त्यापर्यंत, आणि मग सांगायचा, डॉक्टरला विचार. ऐकेपर्यंत डोकं दुखायचं थांबायचं. लोक त्याच्याकडे जायचे बंद झाले. पुढच्या वर्षी मोघे दुबईच्या वेशीजवळ अल नहदाला नव्या टॉवरमध्ये राहायला गेले. तिथे त्याला कोणी डॉक्टर समजत नव्हतं.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये जपान आणि कोरियात फुटबॉलचा विश्वचषक झाला. इथे सामने भर दिवसा दिसायचे. उल्हासने जपानच्या प्रत्येक सामन्याला रजा घेतली. मी गेलो होतो एकदा. ऑफसाइड त्याला आता कळत होतं. पण चेंडूकडे त्याचं लक्ष नव्हतं. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की तो खुर्चीतून पुढे सरकायचा. पन्नास हजार माणसं, सगळी निळ्या शर्टांत.

"दिसणार नाही रे तो," मी म्हटलं.

"दिसला तर काय करणार आहे मी?" तो म्हणाला, आणि बघत राहिला.

जुलैत मिहिका कॉलेजसाठी पुण्याला गेली. तिला सोडून आल्यावर आठ दिवसांनी उल्हासने ते पत्र काढलं. अडीच वर्षांत ते घडीवर फाटायला आलं होतं. त्याने सही केली, तारीख टाकली, झेरॉक्स काढली आणि समितीच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. बंदी संपून तेव्हा वर्ष होत आलं होतं. मला त्याने पावती दाखवली. वीणावहिनींनी दोन बॅगा भरून पलंगाखाली ठेवल्या होत्या. सही मी करते म्हणणारी बाई, तिने तयारी केली होती.

तीन आठवडे तो दार वाजलं की उठून शर्ट घालायचा. कोणी आलं नाही. महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं. पत्र मिळालं. सदर फाइल बंद झालेली आहे.

तो कागद घेऊन तो माझ्याकडे रोल्लाला आला, संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून. खुर्चीत बसला. चहा समोर तसाच राहिला.

"म्हणजे तेव्हाही काही झालं नसतं," तो म्हणाला.

"तेव्हा झालं असतं. तेव्हा घरात शंभर पुड्या होत्या."

"नक्की?"

"नक्की."

त्याने माझ्याकडे बघितलं, वीस वर्षं बंद पेट्यांचे कागद बनवलेल्या माणसाने बघावं तसं. मग त्याने चहा उचलला. मी पुन्हा एकदा नक्की म्हटलं. आत काय होतं ते मीही पाहिलेलं नव्हतं.